औषधांची नेमणूक आणि बदली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा कार्यवाहांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही तंजावरचे भोसले किंवा सरस्वती महाल ग्रंथालय ह्यांपैकी एखादा विषय घेऊ. आमची पदवी बी. ए.ची, विषय इतिहास. तेव्हा ती अपेक्षा वाजवीच होती. आम्ही विषय कळविला तो मात्र असा : एचआयव्हीबाधित रुग्णासाठी औषधे कशी निवडतात आणि ती केव्हा बदलतात. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग कार्यवाह म्हणाले, "साहेब, कार्यक्रमाला लेकीसुना असतात, मुलेबाळे असतात." आम्ही म्हणालो, "त्यांना अवश्य आणा." त्यांनी विषय मान्य केला आणि आज सभागृहही भरलेले दिसते. ह्याबद्दल मंडळाचे आभार मानून विषयाला हात घालतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही डॉक्टर नव्हे. तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फाइली हलविल्या, त्यांतली बरीचशी आस्थापना विभागात. म्हणजे नेमणुका, रजा, बदल्या. आज जे सांगणार आहोत ते वाचून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि एका गृहस्थांच्या सोबतीने रुग्णालयाच्या बाकावर बसून मिळविलेले ज्ञान आहे. त्यावरून कोणी आपली गोळी चालू वा बंद करू नये.

ज्या शहरात आपण आज जमलो आहोत, त्याला हा विषय परका नाही. भारतात ह्या विषाणूचा शोध प्रथम लागला तो १९८६ साली, ह्याच शहरात. मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तपासणी वेल्लोरला झाली आणि हा रोग परदेशापुरताच आहे हा आपला गोड समज संपला. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे संस्था काढली आणि ज्या रुग्णांना हात लावायला लोक कचरत, त्यांना तेथे तपासले. २०१५ साली त्या निवर्तल्या; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आपल्या मंडळाच्या भिंतीवर पुष्कळ थोरांच्या तसबिरी आहेत. ह्या बाईंची नाही, एवढी नोंद करून पुढे जातो.

आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते मात्र एका फाइलीमुळे.

सन २००८. मध्य भारतातील एका शहरात आम्ही आस्थापना विभाग सांभाळत होतो. कचेरीत एक वरिष्ठ लिपिक होते, आपल्याच मुलखातले. अबोल, अक्षर मोत्यासारखे, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. नेहमीच्या क्रमाने त्यांची बदली एका लांबच्या प्रकल्पाच्या गावी निघाली. त्यांनी अर्ज केला : "घरगुती अडचणीमुळे बदली एक वर्ष पुढे ढकलावी." कोणती अडचण ते लिहिले नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. असे अर्ज महिन्याला दहा येत. आम्ही समासात चार शब्द लिहिले, "कारण पुरेसे वाटत नाही", खाली सही केली आणि फाइल पुढे सरकविली. ते निमूटपणे गेले. चार वर्षांनी ते पुन्हा भेटले, तेव्हा ती अडचण काय होती ते त्यांनी आपण होऊन सांगितले. ती समजण्यासाठी आधी औषधांची गोष्ट सांगितली पाहिजे.

हा विषाणू शरीरात शिरतो तो आपल्या पहारेकऱ्यांच्याच घरात. सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी रोगप्रतिकाराचे काम चालवितात. त्यांच्यात शिरून तो स्वतःच्या नकला काढून घेतो. ह्या कामासाठी त्याच्याजवळ एक नकलनवीस असतो. आमच्या खात्यातला जुना नकलनवीस प्रत काढली की मूळ कागदाशी ताडून पाहत असे. विषाणूचा नकलनवीस ताडून पाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत चुका होतात. बहुतेक चुकांनी ती नकल निकामी ठरते. परंतु एखादी चूक अशी पडते की चालू औषध त्या नकलेला ओळखतच नाही. औषधाने बाकीचे मरतात, ही एक उरते आणि वाढते. ह्यालाच औषधाला दाद न देणे म्हणतात.

१९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिले औषध आले. जगभर आशा पालवली. पण एकट्या औषधाचा गुण टिकेना, तो ह्याच कारणाने. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकदम देण्याची रीत सिद्ध झाली. एका चुकीने एक औषध चुकवता येते. तिन्ही एकदम चुकवायला तेवढ्या चुका एकाच नकलेत एकाच वेळी पडाव्या लागतात आणि ते फार दुर्घट आहे. मात्र अट एकच : तिन्ही औषधे रक्तात सतत पुरेशी असली पाहिजेत.

प्रथम हे उपचार श्रीमंत देशांपुरते होते. एका रुग्णाच्या वर्षाच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली आणि तिन्ही मिळून एक गोळीही बनविली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर ते बनविण्याच्या कृतीवरच हक्क दिला होता, म्हणून हे शक्य झाले. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने आठ रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. कायद्यातील एका कलमाने किती माणसे जगतात ह्याचा हिशेब आमच्यासारख्या कागद हाताळणाऱ्याने कधीतरी मांडून पाहावा.

आता निवडीविषयी. सगळ्यांना एकच औषध चालत नाही, हे आरंभीच्या वर्षांत फार जाणवे. झिडोव्हुडिनने कित्येकांचे रक्त कमी होते, म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहायचे. आपल्याकडे बायकांचे ते मुळातच कमी. मग त्यांना स्टॅव्हुडिन दिले जाई. ते स्वस्त आणि लगेच मानवणारे, पण वर्षा-दोन वर्षांत तळपायांची आग होई, गाल बसत, हातापायांच्या शिरा दिसू लागत. चेहऱ्यावरूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय यावा असे ते औषध होते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करण्यास सांगितले आणि यथावकाश ते आपल्याकडूनही गेले. नेव्हिरापिनने अंगावर पुरळ येई, क्वचित यकृतावर परिणाम होई. म्हणून पहिले चौदा दिवस निम्मी मात्रा द्यायची. रुग्णाला क्षय असेल, तर क्षयावरचे रिफाम्पिसिन नेव्हिरापिनचे रक्तातील प्रमाण घटविते. म्हणून त्याच्या जागी एफाव्हिरेंझ. ते घेतले की रात्री चित्रविचित्र स्वप्ने पडत, सकाळी डोके गरगरे. टेनोफोव्हिर सोसते बरे, पण मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते.

केव्हा सुरू करायचे ह्याचेही नियम बदलत गेले. सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावर, असा पहिला दंडक. पुढे ३५०, मग ५००. एप्रिल २०१७ पासून संख्या पाहून थांबायचे नाही. निदान झाले की उपचार सुरू. डोल्युटेग्रॅव्हिर हे अलीकडचे औषध. २०२० नंतर आपल्या सरकारी केंद्रांतून ते पहिल्या फळीत आले. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर मिळून दिवसाला एकच गोळी. त्याला चकविणे विषाणूला फार कठीण जाते. त्याचीही पथ्ये आहेत, आणि ती आपल्या घरांत सहज मोडण्यासारखी आहेत. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांनी ते नीट शोषले जात नाही; त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यावे. क्षयाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर ही मात्रा दिवसातून दोनदा लागते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची मात्राही डॉक्टरांना मर्यादेत ठेवावी लागते. म्हणून आपण कोणकोणती औषधे घेतो हे केंद्रात सांगताना 'ती काय, साधी पित्ताची गोळी' म्हणून गाळू नये.

आता बदलीकडे येतो. हा आमचा खास प्रांत.

औषध बदलण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. समजा, कचेरीत एका कर्मचाऱ्याची प्रकृती त्या गावाला मानवत नाही. त्याला हलवायचे, त्याच्या जागी दुसरा आणायचा. बाकीची कचेरी होती तशी चालते. त्याचप्रमाणे एका औषधाने त्रास होतो पण विषाणू काबूत आहे, तेव्हा तेवढे एकच औषध बदलतात. रक्त कमी झाले, झिडोव्हुडिन काढले, टेनोफोव्हिर घातले, मामला संपला. दुसरा प्रकार असा की सबंध कचेरीच चोरांना फितूर झाली आहे. तेथे एक नवा प्रामाणिक माणूस पाठवून भागत नाही. चार दिवसांत त्यालाही फितवतील. विषाणू औषधांना दाद देईनासा झाला, तर हरणाऱ्या फळीत एकच नवे औषध कधीही घालायचे नाही. ते नवे औषधही वाया जाते. फळीच नव्याने उभी करावी लागते. नेव्हिरापिनला चकविणारी चूक बहुधा एफाव्हिरेंझलाही चकविते, म्हणजे भावाच्या जागी भाऊ नेमून उपयोग नाही. ह्याला एक मौजेचा अपवाद आहे. लॅमिव्हुडिनला चकविताना विषाणू स्वतःच काहीसा दुबळा होतो, म्हणून ते औषध निष्प्रभ झाल्यावरही पुष्कळदा दुसऱ्या फळीत ठेवतात. काम न करणारा, पण खुर्चीवर बसल्याने दुसऱ्यांना धाक राहणारा असा एक जण आमच्याही कचेरीत होता.

फळी हरली हे कसे ओळखायचे? नवे आजार येतात, सीडी-४ पेशी घटतात; पण ही लक्षणे उशिरा दिसतात. सर्वांत आधी बोलते ते रक्तातील विषाणूंचे मोजमाप. सरकारी केंद्रांतून ते सर्व रुग्णांचे नियमितपणे होऊ लागले २०१८ पासून. त्याआधी शंका आली तरच करीत. एका मिलिलिटरमध्ये हजारांहून अधिक विषाणू आढळले तर धोका. पण आकडा हजारांवर गेला म्हणजे लगेच औषध बदलत नाहीत, हे आम्हाला प्रथम कळले तेव्हा नवल वाटले. आधी विचारतात : गोळ्या घेता का? किती चुकल्या? का चुकल्या? तीन महिने ती कारणे दूर करण्याचा यत्न करतात, मग पुन्हा मोजतात. पुष्कळांचा आकडा तेवढ्यानेच खाली येतो. आजच्या डोल्युटेग्रॅव्हिरच्या काळात तर हे अधिकच खरे आहे. आकडा वाढला तर बहुधा दोष औषधाचा नसतो, गोळी पोटात गेलेली नसते.

उलटपक्षी, प्रत्येक बिघाड म्हणजे पराभव नव्हे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शक्ती परत येऊ लागते आणि शरीर आत दडलेल्या क्षयाशी झुंजू लागते. ताप येतो, गाठी सुजतात. घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही, बंद करा. हे फार घातक आहे. नेव्हिरापिनच्या काळात तर अधिकच, कारण एकदम सगळे थांबविले तरी ते रक्तात पुष्कळ दिवस रेंगाळे. दोन साथीदार निघून जात आणि हे एकटेच उरून विषाणूला सवय लावी.

आता त्या गृहस्थांकडे वळतो. २००६ पासून त्यांचे उपचार त्या शहरातील केंद्रात चालू होते : स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन, सकाळी एक गोळी, रात्री एक. महिन्याच्या साठ. शंभरात पंचाण्णव तरी घ्यायच्या म्हणजे महिन्यात तीनपेक्षा अधिक चुकता कामा नये. त्यांच्या दोन वर्षांत एकही चुकली नव्हती. नव्या गावापासून जवळचे केंद्र दोनशे किलोमीटरांवर होते. केंद्राकेंद्रांत रुग्णाची बदली होते, कागद मिळतो, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या भागातले आपल्याच खात्यातले कोणी तेथे पाहील ह्या भयाने त्यांनी तो घेतला नाही. जुन्याच केंद्रात दर महिन्याला रात्रीच्या गाडीने येत. एकदा रजा मिळाली नाही, एकदा गाडी रद्द झाली. प्रकल्पाच्या वसाहतीत दोन खोल्यांचे घर. गावाकडून पाहुणे आले की पंधरा-पंधरा दिवस राहत. बाटलीचे लेबल खरडून ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली. पाहुणे स्वयंपाकघरात झोपले की रात्रीची गोळी राहून जाई. मेहुण्याच्या लग्नात तर सलग पाच दिवस. लग्नघरी कोणत्या खिशातून गोळी काढायची?

२०१२ मध्ये त्यांचे वजन घटले, सीडी-४ पेशी घटल्या. रक्त तपासणीला गेले. आकडा हजारांच्या कितीतरी पुढे. दुसऱ्या फळीची औषधे सरकारकडून मोफत मिळण्यास २००८ मध्ये सुरुवात झाली होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि आपल्या टांबरमचे रुग्णालय ही त्यांची पहिली दोन ठिकाणे. पुढे ती आणखी शहरांत गेली. पण ती कोणा एका डॉक्टरच्या सहीने मिळत नाहीत. तज्ज्ञांची समिती सगळे कागद पाहते, रुग्णाला समोर बसवून विचारते आणि मग ठरविते. त्या समितीपुढे जाण्यासाठी रजा हवी, म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही तोवर त्याच मोठ्या शहरात बदलून आलो होतो. दार लावून घेतले आणि त्यांनी सगळे सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाले, "साहेब, तुमचा दोष नाही. मी कारण लिहिलेच नव्हते."

त्यांनी लिहिले असते तर? हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला. तो अर्ज सहा टेबलांवरून फिरला असता. तिसऱ्या टेबलापर्यंत सबंध कचेरीला कळले असते. पाण्याचा पेला वेगळा झाला असता. आम्ही तरी काय केले असते, हे खात्रीने सांगवत नाही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार ह्या कारणावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, माहिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही, आणि शंभर वा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. आपल्या कचेरीत तो नेमलेला आहे की नाही हे पाहण्यास आम्हाला आणखी दोन वर्षे लागली. नव्हता.

समितीच्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत गेलो. बाकावर चार तास बसलो. शेजारी एक तरुण मुलगी होती, एक ट्रकचालक, आणि नातवाला घेऊन आलेली एक आजी. आत तज्ज्ञांनी औषधांपेक्षा घराविषयीच अधिक विचारले : रात्रीची गोळी कोठे ठेवता, कोणाला माहीत आहे, गावी गेलात की काय करता. मग टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि रिटोनॅव्हिरच्या जोडीने अटाझानॅव्हिर अशी फळी ठरली. अटाझानॅव्हिरने डोळे पिवळे दिसतात. यकृताला त्याने बहुधा अपाय होत नाही, पण कचेरीत जो तो विचारी, "कावीळ झाली का?" त्यांनी "हो, जुनी आहे" असे उत्तर ठरवून टाकले.

आपण सगळे बदल्यांची माणसे आहोत. ह्या सभागृहातल्या निम्म्या घरांनी तीन तरी शहरे पाहिली असतील. गॅसची जोडणी आणि मुलांचे शाळेचे दाखले आपण आधी उरकतो. ज्या घरात ही औषधे चालू आहेत, त्या घराने निघण्यापूर्वी केंद्राचे बदलीपत्र आणि प्रवास धरून पुरतील इतक्या गोळ्या आधी घ्याव्यात. प्रकृती स्थिर असेल तर एकापेक्षा अधिक महिन्यांच्या गोळ्याही देतात. नव्या गावी केंद्र कोठे आहे हे १०९७ ह्या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते आणि नाव सांगावे लागत नाही. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नये. काही औषधे रिकाम्या पोटी चालतात, काही चालत नाहीत, ते केंद्रात विचारून घ्यावे. आणि कोणाकडे पाहुणे म्हणून पंधरा दिवस जाण्यापूर्वी त्या घराला आपण सोयीचे आहोत का, हे आम्ही आता विचारू लागलो आहोत. ह्यावर आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, हे आम्ही तीस वर्षांपूर्वीच शिकायला हवे होते.

हे भाषण देण्यापूर्वी आम्ही त्या गृहस्थांना दूरध्वनी करून परवानगी घेतली. ते आता सेवानिवृत्त झाले आहेत. कोणत्या गावी राहतात ते सांगत नाही. अजून त्याच दुसऱ्या फळीवर आहेत. गेल्या तपासणीत विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. मुलगी बँकेत लागली आणि तिला सगळे ठाऊक आहे. "नाव तेवढे घेऊ नका," ते म्हणाले. मग हसून म्हणाले, "आमच्या गावच्या मंडळातही गणपती बसतो, साहेब. रात्री नऊला माझी गोळी, आणि पोटात काही असल्याशिवाय ती घ्यायची नाही. आरती चालू असतानाच मी पानाकडे जातो. लोक म्हणतात, ह्या गृहस्थांना प्रसादाची फार घाई."